पुडीतल्या गोळ्या

कपाशीत तण काढायचा डवरा हाकताना बाबांनी डाव्या हाताची अर्धी ओळ उखडून टाकली, तेव्हा मी माहेरी, मोताळ्याला आले होते. "बाबा, डोये कुठं हायेत तुमचे?" भर शेतात ओरडले मी. माझा स्वभाव मुळात तिखट. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते. त्यांना डावीकडचं दिसतच नव्हतं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहिला. मेंदूत गाठ होती. मेंदूतच सुरू होणारा लिम्फोमा, क्वचित होणारा कॅन्सर, असा त्यांना संशय होता. पण गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरत नव्हता. "तोवर दुसरं कुठलंही औषध देऊ नका," ते म्हणाले. आम्ही माना डोलावल्या.

आणि पाळलंही, आमच्या समजुतीप्रमाणे. बाजाराच्या दिवशी मिळणारी गुडघेदुखीची कागदी पुडी आमच्याकडे कुणी औषधात धरतच नाही. बाबांचं डोकं दुखायचं म्हणून मीच ती आणली. आठ दिवसांत बाबा ठणठणीत! चार-चार भाकरी खाऊ लागले. ऑपरेशनच्या आधी पुन्हा एमआरआय काढला, तर गाठ जवळपास नाहीशी. मी पेढे आणायला धावले.

डॉक्टरांनी पेढा टेबलावरच ठेवला आणि विचारलं, "काय दिलंत यांना?" आईनं पिशवीतून पुडी काढली. त्या गोळ्या स्टिरॉइडच्या होत्या. स्टिरॉइडनं ही गाठ वितळते, पण मरत नाही. आणि वितळलेल्या गाठीचा तुकडा तपासून काही कळत नाही. आता गोळ्या हळूहळू बंद करायच्या आणि तुकडा घेण्याइतकी गाठ परत दिसायची वाट पाहायची.

असले दिवस वैऱ्यालाही नकोत. बाबा हसले की मला धडकी भरायची. रोज त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून मी बोटं दाखवायची, ते बरोबर मोजायचे. "मले बरं हाये आता, किती डाव इचारशीन?" म्हणायचे. मी आतल्या आत चरफडायची.

तिसऱ्या आठवड्यात ते जेवताना आईवर करवादले, "ठेचा काऊन नाई वाढला?"

ठेचा ताटात डावीकडेच होता. आईनं ताट फिरवून ठेचा त्यांच्या उजवीकडे आणला. मी मात्र पळतच जाऊन डॉक्टरांना फोन लावला. बापाची नजर पुन्हा गेली म्हणून आनंदानं रडणारी लेक माझ्याशिवाय दुसरी कुणी नसेल.