कुठलाही रंग चालेल

संत तुकाराम नगरातल्या आमच्या फ्लॅटची आतली खोली आधी इतकी अंधारी नव्हती. शेजारची बैठी घरं पडली, तिथे उंच इमारत आली आणि आमच्या खिडकीसमोर तिची भिंत उभी राहिली. तेव्हापासून त्या खोलीत भर दुपारीसुद्धा ट्यूब लावावी लागते. सासूबाई तिकडे फिरकायच्याच नाहीत. माझा नवरा चाकणला कंपनीत आहे. रात्रपाळी करून सकाळी आला की तो त्या खोलीत झोपायचा, एवढाच काय तो तिचा उपयोग.

मग माझ्या ऑफिसने आठवड्यातले काही दिवस घरून काम करायला सांगितलं. हॉलमध्ये सासूबाईंचा टीव्ही, म्हणून नवरा सकाळपाळीला असेल तेव्हा मी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायला लागले. कॉलवर माझा चेहरा निळसर दिसायचा. बरं नाही का, असं साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, आणि मी ठरवलं, या खोलीला छानसा ऊबदार रंग द्यायचा.

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "कुठलाही चालेल." हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. भाजी कुठली करू, कुठलाही. पडदे कुठले घेऊ, कुठलेही. तरी विश्वास ठेवला.

पिंपरी कॅम्पातल्या दुकानातून शेडकार्ड आणलं आणि रोज संध्याकाळी ते पुढ्यात घेऊन बसू लागले. शेवटी लोण्यासारखा फिका पिवळा निवडला. पेंटरने भिंतीवर हातभर पट्टा मारला. दुकानात इतका गोड दिसणारा तो रंग आमच्या ट्यूबखाली हिरवट पडला, कावीळ झाल्यासारखा. म्हणून जर्दाळूचा रंग आणला. तो भिंतीवर चढल्यावर मला बरा वाटला. नवऱ्याला दाखवला, त्याने मान हलवली. पेंटरने एक आख्खी भिंत रंगवून टाकली.

दुसऱ्या दिवशी नवरा रात्रपाळीहून आला, आत गेला आणि थोड्या वेळाने डोळे चोळत बाहेर येऊन सोफ्यावर आडवा झाला. टीव्ही चालू होता, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, तरी तो तिथेच कूस बदलत राहिला. असं सलग काही दिवस चाललं. काय झालं म्हणून विचारलं की काही नाही म्हणायचा. पेंटर फोनवर फोन करत होता, ताई, फायनल सांगा, मला दुसरीकडे काम आहे. शेवटी माझा तोल गेला. मी शेडकार्ड नवऱ्याच्या पोटावर ठेवलं आणि म्हणाले, "आता तुम्हीच बोट ठेवा. त्याशिवाय मी इथून उठणार नाही."

तो उठून बसला. कार्ड उलटून मागच्या बाजूला गेला आणि जराही न शोधता गडद विटकरी रंगावर बोट ठेवलं. म्हणजे त्याला तो आधीपासून माहीत होता.

"हा आवडला होता तर इतके दिवस तोंड का शिवलं होतं?"

"तुला उजेड पाहिजे होता," तो म्हणाला. "मला झोप पाहिजे. ती खोली अंधारी झाली तेव्हापासून मला दिवसा नीट झोप लागते. तुला कसं सांगणार, खोली अंधारीच राहू दे म्हणून?"

इतकी वर्षं मी त्या अंधाराबद्दल शेजारच्या बिल्डरला शिव्या घालत होते आणि हा माणूस मनातून त्याचे आभार मानत होता. मला हसू आलं नाही. वाईट वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी उठून पेंटरला फोन लावला.

अंधाऱ्या खोलीत गडद रंग कोण देतं, असं पेंटर दोनदा म्हणाला. मलाही तेच वाटत होतं. पण रंग वाळला, ट्यूब काढून पिवळा दिवा लावला, आणि खोलीत मातीच्या चुलीजवळ बसल्यासारखं वाटू लागलं. उजेड वाढला नव्हता, पण तो अंधार आता अंगावर येत नव्हता. फिक्या रंगांनी मला उगाच नादी लावलं होतं.

आता त्या खोलीत नवरा दिवसा गाढ झोपतो. त्याची सकाळपाळी असली की सासूबाई दुपारी उशी घेऊन आत जातात. हॉलमध्ये झोप लागत नाही, इथं कसं गार वाटतंय, असं म्हणत पलंगावर पाठ टेकतात आणि लगेच घोरायला लागतात.

मी कॉल घेते स्वयंपाकघरात, फ्रीजशेजारी स्टूल टाकून. परवा नवरा म्हणाला, स्वयंपाकघरालाही रंग काढू या. कुठला, असं मी विचारलं.

"कुठलाही," तो म्हणाला.