जज पेलबींच्या घराण्याची मी केलेली बदनामी

एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन न्यायाधीशाच्या कुटुंबाची मी बदनामी केली आहे. त्या घराण्याशी माझं काही वैर नव्हतं.

माझी मुलगी इरा इथे आखातातल्या इंग्रजी शाळेत सातवीत आहे. तिच्या बाई मूळच्या इलिनॉयच्या. त्यांनी आपल्याच एका पूर्वजाची, वकिलीतून जज झालेल्या अमोस टर्नर पेलबींची माहिती इराला देऊन चरित्र आणि वंशवृक्ष पालकांसमोर सादर करायला सांगितलं. इरा चारचौघांत तोंड उघडत नाही. या वेळी तिने स्वतःहून हात वर केला होता, म्हणून मीही पेटलो. झल्लाकच्या समुद्रकिनाऱ्याची सहल रद्द केली आणि शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळीच डायनिंग टेबलवर पुठ्ठा पसरला.

"जजसाहेबांच्या वडिलांचं नाव टर्नर," मी सांगितलं.

"नो बाबा, इथे जोशुआ लिहिलंय."

"ते घरातलं नाव. माझ्या वडिलांना नाही का सगळे अण्णा म्हणायचे?"

त्यांच्यात मधलं नाव वडिलांचं नसतं, असं ती परोपरीने सांगत होती. मी तिचं रेसिडेंट कार्ड समोर ठेवलं. इरा सदानंद परब. मधे कोण? मी. खलास.

पुढे जजसाहेबांची बायको आली, मार्था लॉसन पेलबी. बाईच्या नावानंतर नवऱ्याचं नाव येणार. म्हणजे आधीचा नवरा लॉसन, आणि जजसाहेबांनी चक्क विधवेशी लग्न केलं होतं! (माझा ऊर भरून आला.) थोरला मुलगा जॉर्ज लॉसन पेलबी, म्हणजे पहिल्या नवऱ्याचा. इथवर सगळं बसत होतं. मग धाकटा निघाला हेन्री वेबर पेलबी.

"हू इज वेबर?" इराने विचारलं.

 मी 'कुटुंब फार मोठ्या मनाचं होतं' असं तिला इंग्रजीत लिहायला लावलं.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, त्या मार्थाबाईंचं जरा जपून. कुणाची तरी आजी असेल ती."

होतीच. इराच्या बाईंच्या पणजीची आई.

सादरीकरणात इरा न अडखळता, खणखणीत बोलली. बाईंचा चेहरा वाक्यागणिक लाल होत गेला. लॉसन हे मार्थाचं माहेरचं आडनाव आणि वेबर हे जजसाहेबांच्या मित्राचं, मुलांना मधलं नाव म्हणून दिलेलं, असं सांगून त्यांनी शांतपणे विचारलं, ही माहिती आली कुठून? मुलं हसायला लागली होती. इराने मागच्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं.

आणि मी म्हणालो, हल्लीची मुलं इंटरनेटवरून काहीही उतरवतात.

चार दिवस इरा फक्त आईशी बोलली. बायको रागावली नाही. पानात भात वाढताना एवढंच म्हणाली, "घरात सॉरी म्हणून भागणार नाही. वर्गात जाऊन सांगा."

मी हाफ डे टाकला, टाय बांधला आणि बाईंची परवानगी घेऊन तीस मुलांपुढे उभा राहिलो. आज माघार नव्हती. "चूक माझी होती. इरा मला पुन्हा पुन्हा सांगत होती. मी ऐकलं नाही, आणि वर तिच्यावरच ढकललं. इरा, मला माफ कर."

वर्गात कमालीची शांतता. वाटलं, मुलं हेलावली.

इरा जागेवरून उठली, माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आता इंग्लिशमधे."