गोमुखातला बोळा

कोल्हापुरात पेठेत वाढलेली मी. पावसाळ्यात लुगडी वाळत नाहीत, एवढंच माझं पावसाबद्दलचं गाऱ्हाणं. पन्नास सालाच्या आसपास लग्न होऊन हातकणंगल्याच्या पलीकडच्या माळावर आले आणि आभाळाकडं बघायची खोडच लागली. पश्चिमेकडून काळे ढग यायचे आणि डोक्यावरून सरळ निघून जायचे. सासरे म्हणायचे, “घाटातच सगळा रिता हुतोय. आमच्यापतूर निसती सावली येतीया.” जिल्हा एकच, पण पाऊस आम्हाला सावत्र. माझा जीव घरात ठरत नसे. भाकरी थापतानाही कान पत्र्याकडं असायचे.

लग्नात वडिलांनी मला म्हैस दिली होती. माहेरचं म्हणून माझ्यापाशी तेवढंच होतं. आषाढ कोरडा गेला आणि तिच्या बरगड्या दिसू लागल्या. त्यातच गावानं महादेव कोंडायचं ठरवलं. गोमुख बुजवून गाभारा पाण्यानं भरायचा. पिंड बुडाली की पाऊस येतो म्हणे. थोडंफार पाणी होतं ते आमच्याच विहिरीत. गोठ्यावरून भरली घागर नेताना म्हशीनं मान लांब केली. मी थांबले तशी सासूबाई कडाडल्या, “देवाचं पाणी हाय ते! उष्टं करतीस व्हय?” मी पुढं गेले, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

संध्याकाळी पिंड बुडाली. सकाळी दावणीला म्हैस नव्हती. सापडली ती देवळामागं. गोमुखातला चिखल-चिंध्यांचा बोळा तिनं ओढून काढला होता आणि तिथल्या डबक्यात तोंड घालून ती निवांत उभी होती. आत पिंड उघडी पडली होती.

गाव खवळलं. सासऱ्यांनी निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी वडील एस्टीतून उतरले. त्यांची छत्री अजून ओली होती. माणसं त्यांना सोडून छत्रीकडंच बघत राहिली.

“तिकडं गवत गुडघ्याएवढं झालंय,” ते म्हणाले, “हिला मी घेऊन जातो की.”

एकदा तरी ‘तूही चल चार दिवस’ म्हणतील, या आशेनं मी दारात घुटमळत राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दावं धरून वाटेला लागले. म्हशीनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. माहेर तिला मिळालं.

सासूबाईंनी माझ्या हातात घागर दिली. गाभारा पुन्हा भरायचा होता.