कुंकवाची वायर

लग्नाला दोन वर्षं झाली तरी माझे बाबा माझ्या नवऱ्याशी बोलत नव्हते. बाबा गिरगावातले, एका कचेरीत हेडक्लार्क. हे लालबागचे, गिरणीत फिटर. मुंबईसह महाराष्ट्र दोघांनाही हवा होता. त्यासाठी दोघेही एकाच सभेला जात आणि मैदानाच्या दोन टोकांना उभे राहत. महाराष्ट्राचा प्रश्न आधी सुटेल, असं माझी आई म्हणायची.

त्या वर्षी आईनं निरोप धाडला. दसऱ्याला दोघंही सोनं द्यायला या, बाबा नाही म्हणालेले नाहीत. असा निरोप पुन्हा येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. सहाला बाबा घराबाहेर पडत, त्याआधी पोचायला हवं होतं.

"फटफटीवरून जायचं," हे म्हणाले. "तुझ्या बाबांच्या दारात मी ट्रामनं येणार नाही."

फटफटी जुनी, आणि तिचा किल्लीचा स्विच गेलेला. मूळचा कुठे मिळेना, म्हणून यांनी चोरबाजारातून दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा आणला. त्याला चार वायरी, चारही काळ्या. कुठली कशाची हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. अष्टमीच्या संध्याकाळी यांनी टॉर्चचा सेल आणि बल्ब घेतला, किल्ली फिरवत एकेक जोडी लावून पाहिली आणि चारही वायरी ओळखून काढल्या. खूण करायला घरात रंग नव्हता. मी कुंकू, हळद आणि काजळ तेलात कालवून दिलं. कल्पना माझी होती आणि मला तिचा फार अभिमान वाटला. बॅटरीच्या वायरीला कुंकू, इंजिनाच्या वायरीला हळद, पुढच्या दिव्याच्या वायरीला काजळ. मागच्या दिव्याची कोरी. मग स्विच पक्कड-पान्यांशेजारी फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी नळावरून पाणी घेऊन आले तोवर सासूबाईंनी घरातली सगळी हत्यारं देवापुढे मांडली होती. विळी, कात्री, पक्कड, पाने आणि स्विच. चारही वायरी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलेल्या, आणि चारींना सारखं हळदकुंकू.

मी कपाळाला हात लावला.

"एकीकच कुकू लायलंस," सासूबाई म्हणाल्या, "बाकीच्यांनी काय पाप केल्यानी?"

पूजेतल्या हत्याराला पूजा हलेपर्यंत हात लावायचा नाही, हा त्यांच्या घरचा नियम. दसऱ्याला त्यांचे भाऊ करी रोडहून जेवायला आले, सावकाश जेवले, आडवे झाले. ते गेल्यावर सासूबाईंनी पूजा हलवली तेव्हा साडेचार वाजले होते. पुन्हा बल्ब लावून बघायला वेळ नव्हता. "मला आठवतंय," म्हणत यांनी वायरी जोडल्या.

किल्ली एक घर फिरवली. पुढचा दिवा लागला, इंजिन गप्प. आणखी एक घर फिरवून किक मारली, तर दिवाही पेटलेला आणि इंजिनही चालू.

"इंजिनाची आणि दिव्याची, दोन वायरी उलट झाल्या," हे म्हणाले. "सोडवायला अर्धा तास."

पाच वाजून गेले होते. मी आपट्याची पानं पदरात बांधली आणि मागे बसले. दिवसाढवळ्या जळणारा दिवा माझ्या बाबांना खपत नाही, हे मी यांना सांगितलं नाही.

लख्ख उन्हात आम्ही दिवा लावून निघालो. भायखळ्यापासून लोक हातानं दिवा दाखवू लागले. हे प्रत्येकाला मान लववून नमस्कार करत होते. दसराच होता.

वाडीत शिरलो तर बाबा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, टोपी घालून, बाहेर पडायच्या तयारीत. फटफटी चालूच. ते आधी माझ्याकडे बघत होते, मग दिव्याकडे बघू लागले. दिव्याकडेच बराच वेळ. मला वाटलं, आता आत जातील आणि दार लावून घेतील.

"जावईबापू," बाबा म्हणाले, "दिवा चालू आहे."

दोन वर्षांतला पहिला शब्द.

"तो विझवला की गाडी बंद पडते," हे खालून म्हणाले.

बाबांनी विचार केला. टोपी काढली.

"मग गाडीच बंद करा. लगेच कुठे जायचंय?"

मला तिथेच रडू फुटलं. त्या दोन वायरी पुढे कितीतरी वर्षं उलटच राहिल्या. हे पाना घेऊन बसले की मी तो काढून घ्यायची.