साठाचा गडी

"मला ऐकू येत नाही? अगं, परवा शेजाऱ्याच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय, हे मी जिन्यातनं जाता जाता सांगितलं!"

"बेअरिंग येतं हो ऐकू. बायकोच तेवढी येत नाही." तिच्या काखेत पिळलेल्या कपड्यांची बादली होती. "पण मी कानाचं नाही बोलत. तुमच्या त्या मास्तरांच्या टिकटिकीचं बोलतेय. पूर्वी कसं मांजरपाट टर्रकन फाडल्यागत वाजायचं. आता सुटं सुटं वाजतं. मला मेलीला मोजता येतं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काही नाही. म्हणून तर कळलं."

ती गच्चीवर गेली. वाइंडर रेडिओसमोर बसून राहिला.

खाली त्याचं जळक्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान, म्हणून तो वाइंडर; वर ही खोली. एकतीस वर्षं दुकान उघडण्याआधी तासभर तो इथं बसे. टिंब आणि रेषा, एवढ्यावर चालणारं मोर्सचं बोलणं त्याला जहाजावरच्या एका म्हाताऱ्या रेडिओवाल्यानं शिकवलं होतं. "टिंबं मोजशील तर बुडशील," म्हातारा सांगे. "माणूस वळखताना त्याचं नाक मोजतोस का? शब्दाचा चेहरा वळख." पुढं पुढं लिहून घेताना पेन्सिल मागं पडायला लागली, तेव्हा म्हाताऱ्यानं ती हिसकावून खिडकीबाहेर भिरकावली. तेव्हापासून वाइंडर डोक्यातच घेई. मिनिटाला साठ शब्द. एवढ्या वेगाला टिकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातलं एक बोट आपलं, यापलीकडं या गड्यानं कधी कसली मिजास केली नाही.

मास्तर म्हणजे दूरच्या गावचा निवृत्त शिक्षक. तोंड एकमेकांचं पाहिलेलं नाही, पण गुडघेदुखीपासून सुनेच्या कुरबुरीपर्यंत सगळं ठाऊक. वाइंडर कीबोर्डावरनं पाठवी, वेगाचं बटण साठावर, आपल्या पाठवण्याचा आवाज बंद. आपलंच बोलणं काय ऐकायचं? त्यामुळं दोन्हीकडचा वेग जोडून बघायचा प्रश्नच आला नव्हता.

नेमानं मास्तरांची हाक आली. वाइंडरनं कुशल विचारलं नाही. सरळ विचारलं, "मास्तर, किती वेगानं पाठवताय?"

मग उत्तर आलं, "छत्तीस."

"कधीपासनं?"

"गेल्या उन्हाळ्यात तू एका सकाळी चारदा 'पुन्हा' म्हणालास. मी दोन पायऱ्या उतरलो. तुझी गाडी रुळावर आली. मग अधनंमधनं उतरत गेलो."

"बोलला नाहीत."

"काय बोलू? एवढी वर्षं वर्गात हेच केलं. मागच्या बाकाला कळेल असं शिकवायचं."

वाइंडरला राग यायला हवा होता. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. आला नाही. नुसतं गार लोखंडावर हात ठेवल्यागत वाटलं.

त्यानं पाठवलं, "साठानं पाठवा."

"नक्की?"

"पाठवा."

आणि कापड फाटलं. टर्र करून एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाला गेलं. वाइंडर मान खाली घालून बसला होता. 'गुडघा' सापडला. तो धरून पुढचं घ्यायला जावं तोवर पाच शब्द दारातनं निघून गेले होते. मग कुठंतरी 'डॉक्टर'. मग नुसताच आवाज. माणसं गर्दीतनं पळत जावीत आणि एकाचाही चेहरा लागू नये, तसं.

गच्चीच्या दारातनं बायकोनं डोकं आत घातलं. "हां! आता कसं पूर्वीवानी वाजलं!" खूश झाली होती बिचारी.

"हं," वाइंडर म्हणाला.

'हळू पाठव' म्हणायला मोर्समध्ये तीन अक्षरांची खूण आहे. नवशिके ती दिवसातनं दहादा पाठवतात. एकतीस वर्षांत वाइंडरनं ती एकदाही पाठवली नव्हती. ती कीबोर्डावर कुठं हे शोधावं लागलं नाही. त्यानं साठावरचं बटण छत्तीसवर आणलं, तीन अक्षरं दाबली.

"बरं," मास्तर छत्तीसनं म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, गुडघा बदलायला लागेल. उद्या बोलू?"

"उद्या बोलू."

त्यानं रेडिओ बंद केला, जिना उतरून शटर वर ढकललं. पिठाच्या गिरणीची मोटार काल उघडून ठेवली होती. गिरणीवाला दुपारी येणार होता. जळकी तार उपसून झाली होती. वाइंडरनं नवी तार साच्यावर अडकवली, हँडल धरलं आणि वेढे मोजायला लागला. एक, दोन, तीन.