वस्तादांचा डावा हात

नवा पोरगा मैदानात आला की वस्ताद त्याला नाव विचारायचे नाहीत की कुणाचा म्हणून विचारायचे नाहीत. त्याच्या हातात लाठी द्यायचे, आपला डावा तळवा पुढं धरायचे आणि म्हणायचे, "हं. जोरात मार. आन् हाताच्या वर थांबीव."

पोरगं बावचळायचं. मग मारायचंच. पहिल्या दिवशी कुणाला थांबतंय? लाठी फाडकन तळव्यावर बसायची. वस्ताद हात झटकायचे आणि परत पुढं धरायचे. "मारायला काय रं, म्हसरूबी मारतंय. थांबवून दाखीव."

असं रोज चालायचं. त्यामुळं त्यांचा डावा हात कायम सुजलेला असे. भरलेला तांब्यासुद्धा त्यांना त्या हातानं उचलवत नसे.

कोरेगाव तालुक्यातल्या त्या गावात मी शाळामास्तर होतो. मी सांगलीचा, बदलीनं तिथं येऊन पडलेला. गावाचं नाव सांगत नाही, त्याची बदनामी आधीच पुरेशी झालीय. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. विहिरींना पाणी आलं, पण पाण्यावरून लागलेली भांडणं काही गेली नाहीत. थोरल्यांचं बघून पोरं दप्तरात सायकलची चेन घेऊन येत. माझ्या टेबलाच्या खणात खडूंपेक्षा चेनीच जास्त साठल्या होत्या. तुमच्यापैकी कुणी त्या काळात खेड्यात मास्तरकी केली असेल तर त्यांना हे नवीन नाही.

अशात फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस पोरांना लाठी आणि दांडपट्टा शिकवायला शाळेचं मैदान मागायला आला. मी म्हटलं, "अहो वस्ताद, आगीत तेल कशाला ओतताय?"

"पोरांच्या हातात उद्या कोयता येनारच हाय, गुरुजी. मी न्हाई दिला तर घरचं देत्यात. थांबायचं तरी शिकू द्या की."

लढाईविषयी कुणी विचारलं तर ते एवढंच म्हणायचे, "तितं थांबायची आर्डर न्हवती." पुढं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

दत्ता आणि बाळकू हे दोघं त्यांचे सगळ्यात तयारीचे गडी. दोघं एकाच भावकीतले, पण दोन्ही घरांत विस्तव जात नव्हता. विहीर सामायिक, आणि मागच्या पिढीत त्याच विहिरीवर दत्ताच्या घरच्यांनी बाळकूच्या आज्याला जिवे मारलेलं. बाळकूचा चुलता ते विसरला नव्हता आणि दुसऱ्या कुणाला विसरू देत नव्हता. दोघांची जोडी वस्तादांनी मुद्दामच लावली. शेवटचा धडा लिंबाचा असे. एकानं तळव्यावर लिंबू धरायचं, दुसऱ्यानं पट्ट्यानं ते कापायचं आणि तळव्याला ओरखडाही येऊ द्यायचा नाही.

ते दोघं हे शिकले. मी रोज बघत होतो. बाळकूच्या हाताचा थरकाप पुढं पुढं गेला आणि दत्ता लिंबू कापल्यावर त्याचा तळवा उलटसुलट करून बघायला लागला. घरी बोलत नव्हते, पण मैदानात एकाच फडक्यातली भाकरी खायचे.

मग वस्तादांच्या मनानं घेतलं की हा खेळ गावच्या यात्रेत करायचा. एका घरचं पोरगं दुसऱ्या घरच्या पात्याखाली हात धरतंय हे थोरल्यांनी डोळ्यांनी बघितलं, की त्यांना लाज वाटंल. इथं वस्ताद चुकले. ते पोरांना ओळखत होते, थोरल्यांना नाही.

खेळ उत्तम झाला. लिंबाची दोन भकलं खाली पडली, बाळकूच्या तळव्याला ओरखडाही नाही. लोकांनी टोप्या उडवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळकूच्या चुलत्याच्या उंबऱ्यावर कुणीतरी हिरव्या बांगड्यांचा जोड ठेवून गेलं. ज्यांनी बाप मारला त्यांच्याच पुढं तुझ्या घरचं पोरगं हात धरतंय, मग तू या भर, असा त्याचा अर्थ. आमच्या भागात बांगड्या आलेला माणूस घरात बसून राहू शकत नाही. त्या कुणी ठेवल्या ते कधी कळलं नाही. मला वाटतं, नुसती गंमत म्हणून ठेवल्या असतील.

चार-आठ दिवसांत दत्ताच्या घरची पाण्याची पाळी आली. सकाळी तो उसाला पाणी देत होता. बाळकूचा चुलता आला आणि त्यानं पाटाचा बांध फोडून पाणी आपल्या रानात वळवलं. बाळकू त्याच्या मागं धावत आला होता, म्हणून पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. दत्तानं कोयता उगारला. चुलता मटकन खाली बसला. दत्ताचा हात खाली आला आणि चुलत्याच्या मानेच्या वर थांबला. अगदी शिकवल्यासारखा थांबला. मग दत्ता कोयता टाकून पाटाचा बांध घालायला वाकला, आणि चुलत्यानं मागून खोरं घातलं.

दत्ताचं तेव्हा लग्न ठरायचं होतं.

बाळकूनं साताऱ्याच्या कोर्टात सख्ख्या चुलत्याविरुद्ध साक्ष दिली. चुलत्याला जन्मठेप झाली. घरच्यांनी बाळकूचं ताट गोठ्यात वाढायला सुरुवात केली. बापसुद्धा त्याच्याशी बोलेना.

वस्ताद दत्ताच्या आईला भेटायला गेले तेव्हा मला बरोबर घेऊन गेले. ती माउली रडली नाही. आम्हाला बसायला घोंगडं टाकलं. मग म्हणाली, "आवं वस्ताद, माझ्या लेकाला तुमी थांबायला शिकवलं. लय चांगलं शिकवलं. पर त्यो थांबल्याव म्होरच्यानं काय करायचं, ते म्होरच्याला कुनी शिकवलं वं?"

वस्ताद उठले. बाहेर पायरीवर दत्ताचा धाकटा भाऊ कोयत्याला धार लावत होता. वस्ताद त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी डावा हात पुढं धरला. पोरानं हाताकडं पाहिलं, मग मान फिरवून परत धार लावू लागला.

खरं सांगतो, मला त्या दिवशी वस्तादांचा राग आला. पोरगं मारून आलं असतं तर तुरुंगात का होईना, जिवंत असतं, असं माझ्या मनात आलं. मास्तर असून आलं. अजूनही कधी कधी येतं.

वस्तादांनी मैदान सोडलं. लाठ्या शाळेच्या खोलीत पडून राहिल्या. पण विहिरीची पाळी एका घराकडून दुसऱ्या घराकडं जायची, त्या पहाटे ते विहिरीवर जाऊन उभे राहू लागले. एका बाजूनं दत्ताचा भाऊ कोयता घेऊन यायचा, दुसऱ्या बाजूनं बाळकूचा बाप कुऱ्हाड घेऊन. मधे हा म्हातारा, डावा तळवा पुढं धरून. बोलायचे काही नाहीत. पाणी वळलं, दोन्हीकडची माणसं गेली, की हात खाली घ्यायचे. लोक हसायचे. थंडीनं त्यांची छाती भरली होती. मी म्हटलं, "वस्ताद, पोलिसांना सांगू. तुम्ही मरायचे अशानं."

"निम्मंच शिकवलं, गुरुजी," ते म्हणाले. "थोरल्यांचं र्‍हायलं."

पुढं माझी बदली सांगलीजवळ माधवनगरला झाली. तिथं गिरणीत लागलेला त्या गावचा माझा एक जुना विद्यार्थी मला बाजारात भेटला. वस्ताद गेले म्हणाला. माघातल्या थंडीत, पाळी बदलून घरी येताना, वाटेतच बसले ते उठले नाहीत. डावा हात शेवटपर्यंत मिटला नव्हता, असंही म्हणाला. मेलेल्या माणसाविषयी लोक काहीबाही जोडतात, तेव्हा ते मी धरून चालत नाही.

मला दुसरंच विचारायचं होतं. "आता पाळीला विहिरीवर कोण असतं?"

"बाळकू असतोय."

"एकटा?"

"एकलाच. वस्तादावानी हात धरून. त्येच्या बापाच्या आन् दत्ताच्या भावाच्या मधी."

मग मी विचारलं, "बरा आहे ना?"

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"अजून तरी हाय, गुरुजी."