वहीतली गाठ

हे गेले त्याला दीड महिना झाला, तेव्हा त्यांच्या टेबलाच्या खणात एक वही सापडली. हे कॉलेजात गणित शिकवत. पानंच्या पानं समीकरणांनी भरली होती, ती मी नुसती उलटत गेले. समासात मात्र शिसपेन्सिलीने मराठी होतं. 'सदर, वाचनालय. दुसरी गाठ पडली.' मग काही पानांनी, 'पारशिवनी. आज ती दिसली. शेवटपर्यंत मोडली नाही.' आणि शेवटी, 'तान्हा पोळा. पारशिवनी. ती आली नाही.'

मी शाळेत मराठी शिकवत असे. गाठ पडणे म्हणजे भेट होणे, हे किती वर्गांना मी फळ्यावर लिहून दिलं होतं. संध्याकाळी हे सदर भागातल्या वाचनालयात बसत आणि सुट्टीच्या दिवशी एसटीने पारशिवनीला जात. कशाला, तर कालवा बघायला. तेव्हा मी हसत असे. आता त्यातला एकेक रविवार आठवून पाहू लागले. शर्ट कुठला घातला होता, आल्या आल्या पाय का धुतले, जेवताना गप्प का होते.

यांचे कॉलेजातले एक स्नेही पुस्तकं न्यायला आले. मी त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि वही पुढे ठेवली.

"या गाठी कोणाच्या?"

वाचता वाचता ते हसले. "वहिनी, गाठ वक्राला पडते. लाटांच्या समीकरणामागे एक वक्र असतो. असं समजा, वक्राला दोन-तीन कड्या आहेत. एक कडी आवळत नेली, आवळत नेली की तिची गाठ होते. सगळ्या कड्यांच्या गाठी झाल्या की लाटांची अखंड रांग जाते आणि सुट्या लाटा उरतात. जितक्या गाठी, तितक्या लाटा."

"आणि ही मोडत नाही ती?"

"लाटच. समोर दुसरी आली तरी तिच्यातून पार होते, रूप तेच राहतं, फक्त जागा जराशी सरकते. ज्यांच्यात तसं होतं अशा समीकरणांची एक उतरंडच आहे, एकावर एक. तो तिच्यावर काम करून राहिला होता. आता लाट मराठीत स्त्रीलिंगी, त्याला तो काय करणार? व्याकरण तर तुमच्याकडे."

हे सगळं ते फार भराभर बोलले. मित्राचं झाकणारे मित्र मी पाहिले आहेत. पुढच्या रविवारी मी स्वतःच पारशिवनीची एसटी धरली आणि कालव्याच्या दरवाजापर्यंत चालत गेले.

दरवाजावरच्या माणसाला हे पक्के आठवत होते. "मास्तर ना? येत होते. मले म्हणत, दरवाजा उचल अन् झटकन पाड गा. मंग पाण्याचा एक उंचवटा उठे, अन् मास्तर काठाकाठानं त्याच्यासंगं धावत. मी म्हणो, या वयात काहून धावून राहिले?"

"सोबत कोण असायचं?"

"छत्री."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो थट्टा करत नव्हता. तरी शेवटची ओळ मनातून जाईना. "तान्ह्या पोळ्याला लाट आली नव्हती ना?"

"त्या दिवशी? त्या दिवशी तर पार पुलापर्यंत गेली, बाई. मास्तरच धावले नाहीत. दुपारभर रस्त्याकडे पाहत बसले होते. म्हटलं, कोणाची वाट पाहून राहिले? तर म्हणे, दुपारच्या गाडीनं येणार होती."

तो पुढेही काही सांगत होता.

त्या सकाळी चपला घालता घालता यांनी मला विचारलं होतं, "येतेस का? एकदा बघ तरी." मी मुलींचे निबंध तपासत होते. पाणी आपल्या नळालाही येतं, असं मी म्हणाले. ते उंबऱ्यातच उभे राहिले, तेव्हा मी मान वर न करता पुढे म्हणाले, जमलं तर दुपारच्या गाडीने येते.

गाडी चुकली नव्हती. मी निघालेच नव्हते.